सावलीची बाजू

रिकामी खुर्ची दिसली आणि आमचे चाचा सरळ जाऊन तिच्यावर बसले, असं मी कधी पाहिलं नाही. खुर्ची रिकामी आहे म्हणजे तिच्यात काहीतरी खोट असणार, हा त्यांचा पहिला संशय. लोक काय येडे आहेत का, चांगली जागा सोडून उभे राहायला? आधी ते खुर्चीभोवती एक चक्कर मारायचे, वर पंखा बघायचे, पाठीमागं दार आहे का बघायचे, मग टेकायचे, उठायचे, खुर्ची चार बोटं सरकवायचे आणि पुन्हा टेकायचे. तोवर बाकीच्यांचा चहा पिऊन झालेला असायचा.

चाचा म्हणजे माझे घरमालक. क्रांती चौकाच्या मागच्या अंगाला एका गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली चाचा आणि चाची, वर मी. मी दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला, मूळची बीडकडची, एकटी आणि तोंडानं फटकळ. अशा बाईला खोली द्यायची तर लोक लग्न का नाही केलं इथपासून सुरुवात करतात. चाचांनी एकच प्रश्न विचारला, की झोपताना डोकं कुठल्या दिशेला करता. मी म्हटलं, उशी असेल त्या दिशेला. त्यावर ते हसले नाहीत. खिशातून होकायंत्र काढलं, फरशीवर ठेवलं, काटा थांबेपर्यंत श्वास धरून उभे राहिले आणि माझी कॉट कुठं लागणार ते खडूनं आखून दिलं. भाडं ठरायच्या आधी कॉट ठरली.

मला असा राग आला म्हणता! कॉट माझी, झोपणार मी, हे कोण सांगणार? ते खाली उतरल्याबरोबर मी कॉट ओढून खिडकीखाली घेतली. सकाळी जिन्यात गाठून त्यांनी एवढंच विचारलं, की कुत्र्यांनी झोपू दिलं ना. नव्हतं दिलं. पुढं एप्रिलात स्लॅब तापला तेव्हा मी मुकाट्यानं कॉट खडूच्या रेघेवर आणली, आणि खरंच, तिथं झुळूक लागायची. मग पावसाळा आला आणि स्लॅब नेमका त्याच जागी, माझ्या उशीवर गळायला लागला. मी तणतणत खाली गेले. चाचा शांतपणे म्हणाले, "जागा बरोबर आहे बेटी, स्लॅब चुकलाय." आता या माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्यांची सगळी नोकरी मोजणी खात्यात गेलेली. जिल्ह्यातल्या अर्ध्या बांधांवर चाचांनी साखळी ओढलेली. त्यामुळं कुठल्याही जागेची ओळख ते चतुःसीमेनंच करून द्यायचे, म्हणजे चारी दिशांना काय काय आहे ते सांगायचे. साध्या हॉटेलात चहाला गेलो तरी दारात उभं राहून हळू आवाजात सुरू व्हायचं : पूर्वेस भट्टी, पश्चिमेस मोरी, दक्षिणेस मालकाचा टीव्ही, उत्तरेस रस्ता, सबब बसण्यालायक नाही. मराठी असं सरकारी, घरात दखनी उर्दू, आणि कोणावर चिडले की दोन्ही बंद.

नातेवाइकांच्या लग्नात तर त्यांचा वेगळाच मान होता. जेवणाच्या मांडवात चाचा शिरले की जाणती मंडळी चाललेलं बोलणं सोडून त्यांच्याकडं बघायची. चाचा सगळा मांडव फिरून यायचे. जनरेटरचा धूर येणार नाही पण बिर्याणीचा वास येईल, पंखा लागेल पण ताटातला भात उडणार नाही, अशी जागा हुडकायचे. नवरदेवाच्या मामाशेजारी तर चुकूनही बसायचे नाहीत, कारण मामा उठून भांडतो आणि सोडवायला शेजाऱ्याला जावं लागतं. चाचा एकदाचे टेकले की आजूबाजूच्या खुर्च्या घ्यायला अशी झुंबड उडायची, की दोन मिनिटांत त्या जागेचा आराम पार जायचा. मग चाचा हळूच उठायचे आणि दुसरी जागा बघायला लागायचे.

एस.टी. हा त्यांचा आवडता विषय. मागच्या चाकावरची सीट आदळते, इंजिनाजवळची भाजते, शेवटची उडवते आणि दाराजवळच्या सीटवर कंडक्टर येऊन टेकतो. उरतात त्या मधल्या. त्यातही डावी बाजू. चाचीचं माहेर कन्नडच्या अलीकडं एका खेड्यात होतं. सकाळी निघायचं आणि सांजच्याला परत यायचं, हा रिवाज लग्नापासूनचा. त्या रस्त्याला सकाळी जाताना ऊन उजव्या अंगाला असतं. संध्याकाळी परतताना गाडीचं तोंड फिरलेलं, पण सूर्यही तोवर पलीकडं गेलेला, म्हणून ऊन पुन्हा उजव्याच अंगाला. जाताना डावी, येताना डावी. सावलीची बाजू डावी, हे चाचांना नमाजाआधीच्या वजूच्या पाण्याइतकं स्वच्छ माहीत होतं.

त्या डाव्या बाजूच्या सीटवर खिडकीपाशी बसायचे स्वतः चाचा. चाची मध्ये. कडेला पिशवी. खिडकीतून ऊन येतं, धूळ येते, पुढच्या माणसाची पिंक येते, म्हणून ढाल व्हायचं ते आपण. एकदा फर्दापूरला चाचीच्या बहिणीकडं निघालो तेव्हा पिशवीऐवजी मी होते. मनासारखी जागा नाही म्हणून चाचांनी दोन गाड्या सोडल्या. तिसरीत बसलो. चाचा धिप्पाड माणूस, त्यांच्या खांद्यापलीकडचं काही दिसेना. चाची मधूनमधून विचारायच्या, आत्ता काय गेलं? चाचा बाहेर बघून सांगायचे, "पूर्वेस कापूस, पश्चिमेस कापूस." चाची मान हलवून समोरच्या सीटच्या पाठीकडं बघायच्या. अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत त्या बाईनं तीच एक पाठ बघितली, आणि मी आतल्या आत फणफणत राहिले.

फर्दापूरहून आल्यावर काही दिवसांनी चाची गच्चीवर शेवया वाळत घालत होत्या तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, चाची, तुम्ही कधी म्हणत का नाही, मला खिडकीपाशी बसू द्या म्हणून? चाची हसल्या. बाई बोलायला गोड, नवऱ्याशी दखनीत बोलायच्या पण माझ्याशी त्यांच्या माहेरची मराठी.

"बसले व्हते की एकदा," त्या म्हणाल्या. "लगीन झालं तवाच. त्येंनीच बसवलं हौसेनं. रस्त्याचं काम चालू व्हतं, खडीचा खडा उडाला अन् डोळ्यात गेला. महिनाभर पट्टी व्हती. डोळा जातो का ऱ्हातो असं झालं. डोळा ऱ्हायला बघ, पर हे काय त्या खिडकीतनं भाईर आले न्हाईत."

पुढं दोघं हजला विमानानं गेले तेव्हाही चाचांनी सांगून सवरून पंखावरच्या मधल्या जागा घेतल्या होत्या, तिथं हिसके कमी बसतात म्हणून. समुद्रावरनं गेलो म्हणे, चाची म्हणाल्या, मी आपली फुडल्या सीटची पाठ बघत गेले. मी चिडून म्हटलं, एका खड्यासाठी जन्मभर खिडकी बंद? तुम्ही सांगत का नाही त्यांना? त्यावर चाचींनी हातातल्या शेवया खाली ठेवल्या.

"ते मायेनं करत्यात पोरी. जुलमाला न्हाई म्हणता येतं. मायेला कसं म्हणायचं?"

मग कोणी ऐकत नाही ना असं बघून त्या म्हणाल्या, की मरायच्या आधी एकदा समुद्र बघायचाय. खिडकीपाशी बसून, सूर्य पाण्यात जातो म्हणतात तो जाताना. बाकी काही नको. एवढंसं मागणं, आणि तेही बाईनं लाजत लाजत मागितलं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की या घरातली कॉट कुठं लागायची ते चाचा ठरवोत, पण ही खिडकी मी मिळवून देणार.

संधी आली ती त्यांच्या मुलामुळं. तो आखातात नोकरीला. त्यालाही अम्मीनं कधीतरी फोनवर समुद्राचं सांगितलं असावं. त्यानं मुंबई ते गोवा आणि परत, असा मोठ्या जहाजाचा प्रवास दोघांना द्यायचं ठरवलं. तिथं राहायला हॉटेलासारख्या खोल्या असतात, त्यांना केबिन म्हणतात. चाचीचे गुडघे धरलेले, दोघांचं वय झालेलं, म्हणून मी सोबत जावं अशी गळ त्यानं मलाच घातली. माझी रजा शिल्लक होती. खोल्या निवडायचं कामही माझ्याकडं आलं, कारण कॉम्प्युटर माझ्याकडं होता. निवडायचं म्हणजे काय, बटण मी दाबायचं होतं एवढंच.

तीन संध्याकाळी चाचा माझ्या खोलीत ठाण मांडून होते. पडद्यावरचा जहाजाचा नकाशा बघून त्यांची पहिली तक्रार अशी, की याला उत्तर दाखवलेली नाही. मग लिफ्ट कुठं, जिना कुठं, भटारखाना कुठं, हे बघून त्यांनी खोल्या बाद करायला सुरुवात केली. भटारखान्याजवळची बाद, तळणीचा वास येणार. जिन्याजवळची बाद, पोरं धावणार. टोकाच्या सगळ्या बाद, कारण जहाज झालं म्हणून काय झालं, शेवटची सीट उडवणारच. कंपनीच्या मुलीला त्यांनी फोन लावला आणि घर भाड्यानं घ्यावं तशी चौकशी केली. वरच्या मजल्यावर कोण राहतं? मिरच्या कांडतात का? ती बिचारी म्हणाली, सर, त्या खोलीच्या वर नाचायचा हॉल आहे. चाचांनी फोनवर हात ठेवून मला सांगितलं, रद्द.

शेवटी त्यांचा जीव एका खोलीवर बसला. बरोबर मध्यावर, खालच्या मजल्यावर, आतल्या रांगेतली. आतली म्हणजे तिला खिडकीच नाही. चाचांचा चेहरा असा उजळला, की बघवेना. ऊन नाही, वारा नाही, ओल नाही, कोणी डोकावणार नाही. मी म्हटलं, चाचा, समुद्र बघायला चाललोय आपण. ते म्हणाले, समुद्र काय पळून जातोय? आधी आराम. चाची दारात कपबशा घेऊन उभ्या होत्या. कपबशा ठेवून त्या खाली गेल्या. तेवढ्यात मी पटकन ती खोली माझ्या नावावर घेऊन टाकली. चाचांना सांगितलं, अशी ही एकच राहिली होती आणि आता ती माझी झाली, तुम्हाला खिडकीवालीच घ्यावी लागेल. खरंच तशी एकच होती. पण दुसरी असती तरी मी तेच सांगितलं असतं, आणि आजही सांगेन.

चाचांनी पडद्यावरचा नकाशा पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितला. मग खचलेल्या आवाजात म्हणाले, "मग निदान डावी बाजू बघ."

त्यांचा हिशेब असा, की जहाज मुंबईहून संध्याकाळी निघणार, दक्षिणेला जाणार, म्हणजे पश्चिमेचा सूर्य उजव्या अंगाला. डावी बाजू सावलीत. मी कपाळावर हात मारला. अहो, लोक मुद्दाम उजवी बाजू मागून घेतात, मावळता सूर्य दिसावा म्हणून. चाचा म्हणाले, लोक मागच्या चाकावर पण बसतात. जहाजात एसी असतो, उन्हाचं काय घेऊन बसलात, हेही सांगून झालं. पण मेच्या उन्हात बांधावर उभं राहून ज्यानं जन्म काढला त्याला एसीचं कौतुक सांगून काय उपयोग? चाची खालून म्हणाल्या, खिडकी हाय ना? मग झालं. आम्ही डावी बाजू घेतली. परतीचा विचार चाचांनी केला नाही आणि, खरं सांगते, मलाही सुचला नाही.

मुंबईच्या धक्क्यावर समुद्र दिसलाच नाही. जहाजच एवढं उंच, की त्याच्याआड सगळं झाकलेलं. खोलीत शिरल्याबरोबर चाचांनी होकायंत्र पलंगावर ठेवलं. मग खुर्चीवर बसून बघितलं, पलंगावर दोन्ही तोंडांनी झोपून बघितलं, टेबलावर पाण्याचा पेला ठेवून पाणी किती डुचमळतं ते बघितलं. सामान घेऊन आलेला पोऱ्या दाराशी हसू दाबत उभा. शेवटी चाचा खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी निकाल दिला : पूर्वेस समुद्र, पश्चिमेस बोळ, उत्तरेस सुरतेचं एक कुटुंब, दक्षिणेस बर्फाचं मशीन, सबब राहण्यालायक. खिडकी भली मोठी होती आणि उघडत नव्हती. ती उघडत नाही हे बघून चाचा इतके खूश झाले, की त्यांनी काचेला थाप मारली. आणि मग पडदा ओढून घेतला.

जहाज हललं तेव्हा मी जाऊन पडदा उघडला. चाची काचेशी आल्या. समोर मुंबईच्या इमारती, मग लांबवर डोंगरांची रेघ, सगळं संध्याकाळी मळकट झालेलं. चाची नाक काचेला लावून बघत राहिल्या. मग हळूच मला म्हणाल्या, "ही तर जिमीनच दिसती की गं. जिमीन आपल्याकडं काय कमी हाय का?"

सूर्य होता जहाजाच्या पलीकडच्या अंगाला. मी म्हटलं, चला, वर डेकवर जाऊ, अजून वेळ आहे. चाचांनी हरकत घेतली नाही. फक्त आधी आपण जाऊन जागा बघतो म्हणाले. चाचीला शाल, तिच्यावर स्वेटर, कानाला रुमाल असं बांधून मी लिफ्टनं वर नेलं, तर डेकवर चाचांची तपासणी चाललेली. या खुर्चीला वारा लागतो, ती ओली आहे, तिसरीच्या शेजारी सिगारेट. चाचींना एका कडेला उभं करून ते खुर्चीमागून खुर्ची बघत होते, आणि समोर माणसांची ही गर्दी, सगळ्यांचे फोन वर. चाची गर्दीच्या पाठी बघत उभ्या. मनासारखी खुर्ची सापडून चाचांनी हाक मारली तेव्हा माणसं पांगायला लागली होती. सूर्य गेलेला होता. चाची त्या खुर्चीवर बसल्या. "लई आरामाची हाय," त्या चाचांना म्हणाल्या, आणि चाचा समाधानानं हसले. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला.

गोव्याला जहाज दिवसभर थांबलं. चाचा उतरले नाहीत. मनासारखी जागा मिळाल्यावर ती सोडून कोण जातं? ते नाहीत म्हणून चाची नाहीत, आणि चाची नाहीत म्हणून मीही जहाजावरच येरझारा घालत राहिले. आता एकच संध्याकाळ उरली होती, आणि डेकवर जायचं म्हटलं की पुन्हा तीच खुर्च्यांची तपासणी होणार हे दिसत होतं. चाची पलंगावर बसून तसबीहचे मणी ओढत होत्या. मी विचारलं, आज बघायचा ना सूर्य? त्या म्हणाल्या, बघू. त्या "बघू"चा अर्थ मला ठाऊक होता. मनातून त्यांनी ते सोडून दिलं होतं.

दुपार उतरल्यावर जहाज परतीला लागलं आणि मी माझ्या खोलीत जरा आडवी झाले. खोली होती मात्र आरामाची, चाचांचं म्हणणं खोटं नव्हतं. तेवढ्यात दार वाजलं. दारात चाचा, हातात होकायंत्र. ते होकायंत्र त्यांनी माझ्यापुढं धरलं आणि बोटानं त्याच्यावर टकटक केलं.

"हे बिघडलं का बघ बेटी."

मी त्यांच्यामागं गेले. दुपार कलल्यावरच्या अस्रच्या नमाजासाठी चाचांनी जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, अंथरला होता, कालच्यासारखाच, दाराकडं तोंड करून. नमाजाला तोंड पश्चिमेला लागतं, आणि पश्चिम दाराकडं, कारण पूर्वेस समुद्र अशी चतुःसीमा त्यांनीच ठरवलेली. पण सवयीनं होकायंत्र ठेवून बघितलं तर काटा म्हणे, पश्चिम खिडकीकडं. ओढलेल्या पडद्याच्या चारी कडांनी आत ऊन घुसत होतं. मला सगळं एका झटक्यात कळलं आणि हसू आवरेना. जहाज फिरलं होतं. जाताना दक्षिणेला, आता उत्तरेला, आणि दोन्ही वेळा संध्याकाळच. कन्नडच्या गाडीसारखं सकाळी जाऊन सांजच्याला परत यायचं नव्हतं हे. चाचांची सगळी हयात जमीन मोजण्यात गेलेली, आणि जमिनीची पूर्व कधी पश्चिमेला गेली नव्हती. ज्या खोलीची चतुःसीमा दिवसाढवळ्या फिरते अशी खोली त्यांना पहिल्यांदाच भेटली होती.

चाचांनी जानमाज फिरवला, पडदा तसाच ठेवून नमाज पढला, आणि उठल्यावर मला म्हणाले, की आपण खोल्या बदलू. तू इथं ये, आम्ही दोघं तुझ्या खोलीत जातो. या उन्हात हिच्या डोळ्यांना त्रास होईल. बोलताना त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता, काळजीच होती. मी चाचींकडं बघितलं. चाची पलंगावरून उठल्या होत्या आणि मुकाट्यानं पिशवीत कपडे भरत होत्या.

माझं डोकं सणकलं. म्हटलं, चाचा, खोली पाहिजे तर घ्या, ही किल्ली. पण तुम्ही एकटे जा. चाची येणार नाहीत. मी बोलून गेले खरी, पण दुसऱ्याच्या नवरा-बायकोत मी कोण? माझा आवाज चढला होता. चाचा माझ्यावर रागावले नाहीत, बायकोकडं बघत राहिले. चाचींच्या हातात दुपट्टा होता. तो त्यांनी पिशवीत ठेवला. मग पुन्हा बाहेर काढला.

"आप जाओ," त्या म्हणाल्या. "मैं बैठती इधर."

"धूप लगेगी."

"लगने दो."

चाचांनी माझ्या हातातली किल्ली घेतली आणि ते गेले. दार लागल्यावर चाची पलंगाच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, काय बोलले गं मी हे? मी पडदा बाजूला ओढला.

काय सांगू! खोली नुसती उजेडानं भरून गेली. खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी, आणि दुसरं काहीच नाही. सूर्य अजून वर होता. खुर्ची मी काचेशी लावली, शेजारी पायाशी ठेवायचं ते मऊ बैठं स्टूल. चाची खुर्चीत बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात काचेवर ठेवले. श्वासानं काच धुरकटली तशी त्यांनी ती पुसली. मग एकदम म्हणाल्या, "एवढं पाणी हाय दुनियेत? अन् आमच्या गावात टँकरच्या मागं पळत्यात." आणि हसायला लागल्या, लहान पोरीसारख्या, तोंडाला पदर लावून. मी त्यांना कधी अशा हसताना पाहिलं नव्हतं.

सूर्य खाली यायला लागला, लाल झाला, आणि दार उघडलं. चाचा होते. चप्पल हातात, केस विस्कटलेले. उजेड डोळ्यांवर आल्यामुळं ते दारातच थबकले.

"झोप नाही का आली?" मी विचारलं.

"जागा चांगली आहे," चाचा म्हणाले. "एकदम चांगली. पण तिथं कोणीच नाही."

ते तसेच उभे. कुठं बसावं ते चाचांना कळत नाही, असं मी त्या एकाच वेळी बघितलं. चाचींनी मागं वळून त्यांच्याकडं बघितलं आणि शेजारच्या स्टुलावर थाप मारली. स्टूल बुटकं, पाठ टेकायला काही नाही, ऊन थेट तोंडावर.

"इधर बैठो," चाची म्हणाल्या.

चाचा आले आणि बसले. स्टूल त्यांनी सरकवलं नाही, हलवूनही बघितलं नाही. गुडघे हनुवटीशी आले तसेच बसले. सूर्य पाण्याला टेकायला आला होता आणि चाचीचे डोळे उन्हानं बारीक झाले होते. चाचांचा हात आपसूक वर गेला आणि त्यांनी तळवा चाचीच्या डोळ्यांपुढं आडवा धरला. चाचींनी तो हात धरला आणि खाली घेतला.

"देखने दो मुझे," त्या म्हणाल्या.

चाचांनी हात मागं घेतला नाही, चाचींनीही सोडला नाही. सूर्य अर्धा गेला, मग चिमूटभर राहिला, मग तोही गेला. चाचा सूर्याकडं बघतच नव्हते. ते सगळा वेळ चाचीच्या तोंडाकडं बघत होते.

"दिख्या?" त्यांनी विचारलं.

"हौ," चाची म्हणाल्या. "दिख्या."